न आलेली ब्याऐंशी लाख माणसं

संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या विभाग जगातल्या मोठ्या शहरांचे अंदाज दर काही वर्षांनी नव्याने मांडतो. १९९४ च्या आवृत्तीत २०१५ सालासाठी दिलेल्या यादीत तोक्यो पहिलं होतं, २ कोटी ८७ लाख. त्याच्या पाठोपाठ मुंबई, २ कोटी ७४ लाख. तिसरं लागोस. मुंबईचा हा आकडा पुढे बरीच वर्षं वर्तमानपत्रांतून, भाषणांतून आणि नियोजनाच्या अहवालांतून फिरत राहिला. १९९९ च्या आवृत्तीतही तो २ कोटी ६१ लाखांच्या खाली आला नव्हता.

२०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबई नागरी समूहाची लोकसंख्या १ कोटी ८४ लाख भरली. आधीच्या दहा वर्षांत ती साधारण १२ टक्क्यांनी वाढली होती. तोच वेग आणखी चार वर्षं पुढे नेला तर २०१५ ला १ कोटी ९२ लाखांच्या आसपास पोचतो. अंदाजापेक्षा ८२ लाख कमी. आता १९८१ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या बघा: ८२ लाख ४३ हजार. म्हणजे १९८१ ची अख्खी मुंबई, चाळी, झोपड्या, लोकलच्या गर्दीसकट, अंदाजात जास्तीची धरलेली होती आणि ती कधी आलीच नाही.

ती का आली नाही, हे शोधणं म्हणजे हे प्रकरण. अंदाज करणारे अडाणी नव्हते. त्यांची रीत समजायला सोपी आहे: देशाची एकूण नागरी लोकसंख्या ज्या वेगाने वाढते त्यापेक्षा हे शहर किती जोरात किंवा हळू वाढलं, तो फरक मागच्या दोन गणनांवरून काढायचा, पुढे न्यायचा, आणि शहर मोठं होत जाईल तसा तो थोडाथोडा उतरवायचा. रीत वाईट नाही. पण तिला शहर म्हणजे फक्त एक आकडा दिसतो. त्या आकड्याच्या आत कोण शिरतं, कुठून, कोणत्या दाराने, आणि दार मुळात कुठे बसवलंय, हे तिला दिसत नाही.

सगळ्यात आधी दाराचंच बघू, कारण तिथे मी स्वतः तोंडावर आपटलो आहे. काही वर्षांपूर्वी हा हिशेब मी पहिल्यांदा एक्सेलमध्ये मांडला तेव्हा मुंबई नागरी समूहाचे आकडे एकाखाली एक लिहिले. १९८१: ८२.४ लाख. १९९१: १ कोटी २६ लाख. दहा वर्षांत जवळजवळ ५३ टक्के वाढ, वर्षाला सव्वाचार टक्क्यांच्या वर. तोच वेग न उतरवता पुढे ओढला तर २०१५ साली साडेतीन कोटी माणसं. मी खूश. मग एका संध्याकाळी १९९१ चा आकडा फोडून बघितला. बृहन्मुंबई ९९.२६ लाख, कल्याण १०.१५ लाख, ठाणे ८ लाख, उल्हासनगर ३.७ लाख, नवी मुंबई ३ लाखांवर, मीरा-भाईंदर पावणेदोन लाख. बेरीज बरोबर १ कोटी २६ लाख. आणि १९८१ च्या ८२.४ लाखांत यातलं फक्त पहिलं नाव होतं.

म्हणजे ज्या ४३ लाखांच्या ‘वाढी’वर माझा आलेख उभा होता, त्यातले पावणेसत्तावीस लाख सरहद्दीची रेघ सरकवल्यामुळे आले होते. उल्हासनगरातली माणसं एक रात्र झोपली आणि सकाळी मुंबईत उठली. कुणी पेटी उचलली नाही, कुणी तिकीट काढलं नाही. खुद्द महानगरपालिकेच्या हद्दीत त्या दशकाची वाढ २०.४ टक्के होती, वर्षाला दोन टक्क्यांपेक्षाही कमी. कल्याण-ठाणेही आपापल्या परीने जोरात वाढत होते, त्यामुळे समूहाचा खरा वेग दोहोंच्या मध्ये कुठेतरी पडतो. पण सव्वाचारच्या जवळपासही नाही.

रेघेची गंमत इथेच संपत नाही. २०११ चा १ कोटी ८४ लाखांचा समूह फोडला तर त्यात अंबरनाथ आणि बदलापूर आहे, वसई-विरार नाही. सव्वाबारा लाखांचं शहर, ज्याची अर्धी तरुण पिढी सकाळी चर्चगेटची गाडी पकडते, ते मुंबईच्या बाहेर. भिवंडीचे सात लाखही बाहेर. या दोघांना आत घेतलं की २ कोटी ३ लाख होतात. अंदाज तरीही चुकतोच, पण किती चुकला हे सांगण्याआधी मुंबई कुठे संपते हे ठरवावं लागतं, आणि ते विरारच्या गाडीत चौथ्या सीटवर बसलेल्या माणसाला विचारलं तर वेगळं उत्तर येतं.

म्हणून पुढचा हिशेब मी एकाच हद्दीपुरता ठेवला, महानगरपालिकेच्या. लाखांत मांडले तर जनगणनेचे आकडे असे येतात: १९५१ ला २९.९, १९६१ ला ४१.५, १९७१ ला ५९.७, १९८१ ला ८२.४, १९९१ ला ९९.३, २००१ ला ११९.८, २०११ ला १२४.४. दशकाच्या वाढीचे टक्के काढले की ३९, ४४, ३८, २०, २१ आणि शेवटी ४. चव्वेचाळीसवरून चारवर.

टक्केवारी कायम धरून पुढे जाणं म्हणजे चक्रवाढ व्याज. लोकसंख्येवर लिहिणाऱ्या इंग्रज अर्थतज्ज्ञ माल्थसच्या काळापासूनची ही सवय आहे. पिअर व्हरहुल्स्ट नावाच्या बेल्जियन गणितज्ञाने १८३८ साली तिला लगाम घातला. त्याचं म्हणणं असं: वाढीचा वेग आजच्या लोकसंख्येच्या प्रमाणात असतो हे खरं, पण शिल्लक जागेच्याही प्रमाणात असतो. एक कमाल मर्यादा धरा. तिच्या जितकं जवळ जाल तितका वेग मंदावेल. आलेख आधी हळू चढतो, मग झपाट्याने, मग वर जाऊन आडवा होतो. ताणून लिहिलेल्या इंग्रजी एस अक्षरासारखा.

१९९१ साली हातात असलेले फक्त तीन आकडे घेऊ या: १९५१, १९७१, १९९१. समान अंतरावरचे तीन बिंदू असले की व्हरहुल्स्टच्या वक्राची कमाल मर्यादा कागद-पेन्सिलने काढता येते. ती येते १ कोटी ७८ लाख. या वक्राने २०११ साठी दिलेलं उत्तर १ कोटी ३५ लाख. १९७१ ते ९१ ची टक्केवारी जशीच्या तशी पुढे नेली असती तर १ कोटी ६५ लाख. प्रत्यक्षात आले १ कोटी २४ लाख. चक्रवाढ ३३ टक्क्यांनी चुकते, तर व्हरहुल्स्टचा पावणेदोनशे वर्षं जुना वक्र साडेआठ टक्क्यांनी.

इतकी चांगली कामगिरी बघून माझ्यासारख्या माणसाला मोह होतो. पण हाच वक्र १९७१, १९९१, २०११ या तीन आकड्यांवर बसवा. कमाल मर्यादा आता १ कोटी ४० लाख येते. वीस वर्षांत मुंबईची ‘मर्यादा’ ३८ लाखांनी खाली आली? जमीन आटली नाही, पाणी आटलं नाही. उलट या काळात परळ-लालबागच्या गिरण्यांच्या जागी चाळीस-पन्नास मजली टॉवर उभे राहिले. मर्यादा म्हणून वक्र ज्याला हात लावतो ती भिंत नव्हती. ती घरभाड्याची आणि पागडीची रक्कम होती. शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाबा ते माहीम-सायनची लोकसंख्या २००१ ते २०११ मध्ये ३३.४ लाखांवरून ३०.९ लाखांवर आली. त्याच दहा वर्षांत जुना ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. वक्राला पहिलं दिसलं, दुसरं त्याच्या चौकटीबाहेर होतं. त्याला जे ‘भरलं’ वाटलं ते खरं तर सांडलं होतं.

आता आत येणाऱ्यांकडे. मुंबई हे मुळात आलेल्यांचंच शहर. १९११ च्या जनगणनेत दहातली आठ माणसं मुंबईबाहेर जन्मलेली होती. १९६१ पर्यंत हे प्रमाण ६४ टक्क्यांच्या आसपास आणि २००१ ला ४४ च्या आसपास आलं. तेव्हा नुसतं ‘मुंबई वाढली’ म्हणून भागत नाही. कोणत्या जिल्ह्यातून किती आले हे सांगणारं गणित लागतं.

त्यातलं सगळ्यात जुनं आणि सगळ्यांना आवडणारं म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं. रेव्हनस्टाइनने १८८५ साली लंडनच्या सांख्यिकी सोसायटीपुढे ब्रिटनच्या जनगणनेवरून स्थलांतराचे काही नियम मांडले: बहुतेक माणसं जवळच जातात, लांब जाणारे मोठ्या व्यापारी शहरांकडे जातात, आणि प्रत्येक प्रवाहाबरोबर एक उलटा प्रवाह असतो. जॉर्ज झिप्फने १९४६ ला त्याचं सूत्र केलं. दोन ठिकाणच्या लोकसंख्यांचा गुणाकार, भागिले त्यांच्यातलं अंतर. पुढे अंतरावर घात बसवायची पद्धत पडली. वर्ग धरला तर थेट न्यूटन.

१९६१ च्या आकड्यांवर हे लावून बघू. तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा, म्हणजे आजचा सिंधुदुर्ग धरून, सव्वाअठरा लाखांचा. उत्तर प्रदेश ७ कोटी ३७ लाखांचा, चाळीस पट. मुंबईपासून रत्नागिरी ढोबळ ३३० किलोमीटर, जौनपूरकडचा भाग दीड हजार. साडेचार पट, वर्ग केला की वीस पट. चाळीस भागिले वीस, दोन. सूत्र म्हणतं की एका रत्नागिरीकरामागे मुंबईत दोन उत्तर प्रदेशी असायला हवेत. प्रत्यक्षात मुंबईला सर्वांत जास्त माणसं पुरवणारा जिल्हा रत्नागिरीच होता, आणि उत्तर प्रदेशाचा वाटा बाहेरून आलेल्यांत १२ टक्क्यांच्या आसपास. २००१ पर्यंत तो २४ टक्क्यांपर्यंत पोचला. म्हणजे सूत्र चाळीस वर्षं आधी बरोबर होतं, असं म्हणायचं असेल तर म्हणा.

चूक अंतराच्या व्याख्येत आहे. माझे आजोबा संगमेश्वर तालुक्यातून आले तेव्हा कोकणात रेल्वे नव्हती. ती १९९८ ला पूर्ण झाली. पावसाळ्यात बोटी बंद. किलोमीटर मोजले तर मुंबई जवळ, प्रवास मोजला तर लांब. पण लालबागला गाववाल्यांची खोली होती. दहा बाय बाराची. भिंतीला ट्रंकांची रांग, वर खुंट्यांना वळकट्या, प्रत्येकाची खुंटी ठरलेली. दिवसपाळीवाला निघाला की रात्रपाळीवाला त्याच पथारीवर आडवा. महिन्याला जो तो आपला भाग भरणार, जेवण खानावळीत, आणि नवा पोरगा आला की जॉबरच्या, म्हणजे गिरणीत माणसं लावणाऱ्या मुकादमाच्या, कानावर घालायचं काम खोलीतल्या वडीलधाऱ्याचं. आजोबांसाठी गाव ते मुंबई हे अंतर त्या खुंटीपुरतं होतं. गणितात याला स्थलांतराचं जाळं म्हणतात आणि आधी आलेल्यांची संख्या हे एक वेगळं चल म्हणून सूत्रात घालतात. ते घातलं की रत्नागिरी जागेवर बसते. पन्नास वर्षांनी जौनपूर-आझमगडही त्याच कारणाने बसतं. तिथेही आता खोली आणि खुंटी आहे, फक्त ती साकीनाक्याला किंवा नालासोपाऱ्याला आहे.

किरणोत्सर्जनाचं प्रारूप म्हणून एक नवं सूत्र आहे, सिमिनी, गोंझालेझ, मारितान आणि बाराबाशी यांचं, २०१२ चं. त्याची मुळं स्टाउफरच्या १९४० च्या कल्पनेत: माणूस अंतर मोजत नाही, वाटेत किती संधी आहेत ते मोजतो. आपल्या गावाभोवती मुक्कामाच्या शहराइतक्या अंतराचं वर्तुळ काढा. त्यात जितकी जास्त लोकवस्ती, तितकं त्या शहरापर्यंत पोचणं कमी, कारण आधीच कुठेतरी काम मिळून जाईल. साताऱ्याला हे छान लागू पडतं. वाटेत पुणे आहे, पिंपरी-चिंचवडचे कारखाने आहेत, माणसं तिथेच थांबतात. रत्नागिरीला लावलं की फजिती. मुंबईइतक्या त्रिज्येच्या वर्तुळाचा अर्धा भाग अरबी समुद्रात पडतो आणि उरलेला सह्याद्री ओलांडून पुणे, कोल्हापूर, सांगली, बेळगाव गिळतो. सूत्राला वाटतं, हा माणूस आंबा घाट चढून कोल्हापूरला चिकटेल. आजोबा हसले असते. घाटावर गेलेला माणूस ‘परमुलखात गेला’. मुंबईला गेलेला नुसता ‘मुंबईस गेला’.

पण १९८१ नंतरची उतरण या कशानेच उलगडत नाही. त्यासाठी जॉन हॅरिस आणि मायकेल टोडारो यांचं १९७० चं प्रारूप हवं. ते केनियाचा, नैरोबीचा विचार करत होते. मला ते गिरणीच्या गेटवर उभं राहून वाचलं तरच कळतं. बदली कामगार म्हणजे कायम नसलेला, कार्ड मिळालेला, पण रोज काम मिळेलच असं नाही. भोंग्याच्या आधी गेटवर हजर. साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, आज कोण गैरहजर, ते बघून जॉबर नावं पुकारणार. नाव आलं तर रोज पडला, नाही तर परत खोलीवर. हॅरिस-टोडारो म्हणतात, गावातला माणूस गिरणीचा पगार बघून येत नाही. पगार गुणिले नाव पुकारलं जाण्याची शक्यता, एवढं बघतो. ही रक्कम गावच्या मिळकतीइतकी होईपर्यंत माणसं येत राहतात.

समजण्यापुरते आकडे घेऊ. गावात महिन्याला ४०० सुटतात, गिरणीत १०००. तोल तेव्हा साधतो जेव्हा काम मिळायची शक्यता दहात चार असते. १०० जागा असतील तर २५० माणसं येतील आणि १५० रिकामी बसतील. आता सरकारने कळवळून ४० जागा वाढवल्या. जागा १४०, तर माणसं ३५०. रिकामे २१०. नोकऱ्या वाढवल्या आणि बेकारी वाढली. हे वाचून पहिल्यांदा माणूस चिडतो, मग गिरणगावाचा इतिहास आठवतो आणि गप्प बसतो.

आता उलट चालवा. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगारांचा. तो औपचारिकपणे मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या मात्र एकेक करत विझल्या. सूत्रातली शक्यता कोसळली. पगाराचा कागदावरचा आकडा तोच राहिला असता, तरी गुणाकार गावच्या मिळकतीखाली गेला. त्या दशकातला ३८ वरून २० टक्क्यांचा उतार निव्वळ संपामुळे आला असं मी म्हणणार नाही. जन्मदर उतरत होता, घरं महागत होती. पण मागच्या दोन गणनांचा वेग पुढे नेणाऱ्या कोणत्याही रीतीला या घटनेचा वासही लागला नसता. २०२० मध्ये वेर्बावात्झ आणि बार्थेलेमी यांनी शहरांच्या वाढीचं जे समीकरण मांडलं, त्याचा गाभा हाच आहे: शहरं सरासरीने वाढत नाहीत, क्वचित येणाऱ्या मोठ्या स्थलांतरी धक्क्यांनी वर-खाली होतात. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या छावणीतून उल्हासनगर उभं राहिलं, तो एक धक्का. संप दुसरा. समीकरण छापून आलं त्याच वर्षी मे महिन्यात श्रमिक विशेष गाड्या सुटत होत्या, उलट दिशेने.

जन्मदराचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात कोडं नाही. महाराष्ट्रात एका बाईमागे मुलांचं प्रमाण १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २.८६ होतं, २००५-०६ ला २.११ झालं. ८२ लाखांतला मोठा हिस्सा आलेच नाहीत असा नसून जन्मलेच नाहीत असा आहे.

आणि झरा आटला, हेही. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ ला १६.९७ लाख होती, २०११ ला १६.१५. सिंधुदुर्गही दोन टक्क्यांनी घटला. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका, मुंबई शहरात ८३२. हे दोन आकडे शेजारी ठेवले की शंभर वर्षांच्या मनीऑर्डरी दिसतात. झिप्फच्या सूत्रात पाठवणाऱ्या गावाची लोकसंख्या हाही एक गुणक आहे. ती कमी झाली की प्रवाह बारीक होणार, आणि उरलेल्यांत साठीच्या पुढचे जास्त असतील तर सूत्र सांगतं त्याहून बारीक. माझं प्रारूप मी शेवटी तालुकानिहाय केलं आणि लोकसंख्येऐवजी पंधरा ते तीस वयाचे लोक घातले. तेव्हा कुठे कोकणाचा प्रवाह खऱ्यासारखा उतरायला लागला.

पुढचं अडलंय ते आकड्यांवाचून. २०२१ ची जनगणना झाली नाही. नवी २०२७ ची आहे. प्रारूप तपासायचं तर सोळा वर्षांचं भोक मध्ये पडलंय, आणि त्यात एक महासाथ आहे. शिवाय जनगणनेत स्थलांतरित दोन प्रश्नांवरून ठरतो: जन्म कुठे झाला, आणि आधी कुठे राहत होता. हा दुसरा प्रश्न १९७१ पासूनचा. मी सुरुवातीला सगळा हिशेब पहिल्यावर केला होता, कारण त्याचे तक्ते जुन्या काळापर्यंत मिळतात. मग लक्षात आलं की आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. आई सातव्या महिन्यात देवरुखला गेली, मी तिथे जन्मलो, तिसऱ्या महिन्यात लालबागला आलो. वडील मुंबईत जन्मलेले, सगळं शिक्षण, नोकरी मुंबईतली. तरीही जन्मस्थानाच्या तक्त्यात मी रत्नागिरी जिल्ह्यातून बृहन्मुंबईत आलेला पुरुष स्थलांतरित आहे, आणि माझ्या प्रारूपाने मलाही खुंटी शोधायला पाठवलं होतं.